नाशिक ते दिल्ली विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि हिशेब कसा करायचा

नाशिक–दिल्ली अंतर शोधलं की चार आकडे समोर येतात: ९९२, १,०१९, साधारण १,२५० आणि साधारण १,३५० किलोमीटर. चारही बरोबर आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिला ओझर विमानतळ ते दिल्ली विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर. दुसरा नाशिक शहराच्या मध्यापासून दिल्ली शहराच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर. तिसरा धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा रस्त्याचा, आणि चौथा भुसावळ–भोपाळ–झाशीवरून जाणाऱ्या रेल्वेचा. विमानाने जाणाऱ्याला पहिला आकडा लागतो, पण बऱ्याच संकेतस्थळांवर दुसराच दिलेला असतो आणि त्यावरून काढलेली उड्डाणाची वेळही तशीच चुकते.

वेळेचंही तेच. कुठे सव्वा तास लिहिलेलं दिसतं, तिकिटावर दोन तास असतात आणि घरून निघालेला माणूस दिल्लीतल्या मुक्कामी पोचेपर्यंत पावणेसहा तास गेलेले असतात. पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्याचा घोटाळा नेमका इथे होतो. म्हणून हे आकडे स्वतः काढायला शिकलेलं बरं. दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

आधी विमानतळ नक्की करा

नाशिकचं प्रवासी विमानतळ म्हणजे ओझर. ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सची, म्हणजे एचएएलची धावपट्टी. मिग आणि पुढे सुखोई विमानं जिथे तयार झाली तीच. तिकिटावर तिचा कोड आयएसके असा येतो. इथे एक गमतीचा सापळा आहे. नाशिकचे लोक सवयीने एनएसके लिहितात, पण विमानतळांच्या यादीत एनएसके म्हणजे रशियातलं नोरिल्स्क, सायबेरियाच्या पार उत्तरेला. रेल्वेत नाशिक रोडचा कोड एनके आहे, तो तिसराच. शोधताना कोड टाकणार असाल तर आयएसकेच टाका. गांधीनगरची जुनी धावपट्टी लष्कराची आहे, प्रवासी विमानांशी तिचा संबंध नाही. नकाशावर ‘नाशिक एअरपोर्ट’ शोधताना बोट चुकून तिच्यावर पडू देऊ नका.

दिल्लीकडे डीईएल म्हणजे पालमचं इंदिरा गांधी विमानतळ. तिकिटं शोधताना ‘दिल्ली, सर्व विमानतळ’ असा पर्याय निवडलात तर हिंडनही दिसू शकतं. ते यमुनेपलीकडे गाझियाबादला आहे. द्वारका किंवा गुरुग्रामला जायचं असेल तर तिथे उतरून वाचलेले पैसे टॅक्सीत जातील.

सरळ अंतर काढायची रीत

मोबाइलच्या नकाशावर विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, दशांशात दोन आकडे मिळतील. आधीचा अक्षांश, नंतरचा रेखांश. ओझरसाठी २०.१२ आणि ७३.९१, दिल्लीसाठी २८.५७ आणि ७७.१० असे घेऊ.

अक्षांशांतला फरक ८.४५. उत्तर–दक्षिण दिशेला एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ८.४५ × १११ = ९३८ किलोमीटर.

रेखांशांतला फरक ३.१९. इथे थेट १११ ने गुणायचं नाही, कारण ध्रुवांकडे जावं तसे रेखांश एकमेकांजवळ येत जातात. दोन्ही ठिकाणांच्या मधला अक्षांश घ्या, २४.३४. त्याची कोज्या, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं ‘कॉस’, ०.९११ येते. आता ३.१९ × १११ × ०.९११ = ३२३ किलोमीटर.

पुढे पायथागोरस. ९३८ चा वर्ग अधिक ३२३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ९९२. हेच तुमचं हवाई अंतर.

हिशेब चुकतो तो बहुतेक तीन ठिकाणी. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असेल तर कोज्या ०.७० येते आणि शेवटी ९९२ ऐवजी ९७० मिळतात. आकडा फारसा वेडावाकडा दिसत नाही, म्हणून चूक कळतही नाही. तुमचं उत्तर ९७० आलं असेल तर कारण हेच. दुसरी चूक अंश–कला–दशांशाची: २० अंश ७ कला म्हणजे २०.०७ नव्हे, २०.१२. सात कला भागिले साठ. एवढ्यावर साडेपाच किलोमीटरचा फरक पडतो. तिसरी एककांची. परदेशी संकेतस्थळं मैल देतात, वैमानिक सागरी मैल मोजतात. ९९२ किलोमीटर म्हणजे ६१६ साधे मैल किंवा ५३६ सागरी मैल. ‘फक्त ५३६?’ असं वाटलं तर आधी एकक बघा.

ही रीत दीड हजार किलोमीटरपर्यंत बिनधास्त वापरा. त्यापुढे, विशेषतः परदेशासाठी, पृथ्वीची गोलाई हिशेबात धरावी लागते. तिथे नकाशाच्या ॲपमधलं ‘अंतर मोजा’ वापरणं सोपं. ॲटलासवर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. सपाट कागदावर ताणून बसवलेल्या नकाशात प्रमाण सगळीकडे सारखं राहत नाही.

सरावाला ओझर–हैदराबाद काढून पाहा, ५७३ च्या आसपास यायला हवेत. बेंगळुरू ८६७, अहमदाबाद ३५४. चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे झाले तर हरकत नाही.

रेषा कुठून जाते

ही सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती शहाद्याजवळून तापीचं खोरं ओलांडते, पुढे नर्मदा, मग रतलाम, मधोमध गांधीसागर जलाशयाचा परिसर, नंतर जवळजवळ कोट्याच्या डोक्यावरून, आणि अलवरवरून दिल्ली. जयपूर डावीकडे राहतं, उज्जैन आणि इंदूर उजवीकडे. रस्ता इंदूर–ग्वाल्हेर असा वळसा घेत जातो, म्हणून तो अडीचशे किलोमीटरने लांब पडतो.

विमानही अगदी या रेषेवरून जात नाही. हवेतही ठरलेले मार्ग आणि ठरलेले बिंदू असतात. शिवाय उड्डाण धावपट्टीच्या दिशेनेच होतं, मग विमान वळतं, आणि दिल्लीजवळ रांगेत घालण्यासाठी नियंत्रण कक्ष त्याला आणखी थोडं फिरवतो. म्हणून प्रत्यक्ष उडलेलं अंतर पाच-सात टक्क्यांनी जास्त धरा. ९९२ चे साधारण १,०५० होतात.

उड्डाणाला किती वेळ लागतो

९९२ ला ताशी ८०० ने भागलं की १ तास १४ मिनिटं येतात, आणि अनेक ठिकाणी हाच आकडा ‘फ्लाइट टाइम’ म्हणून छापलेला असतो. तो बसत नाही, कारण विमान सगळा प्रवास पूर्ण वेगाने करत नाही. दहा हजार फुटांखाली वेग साधारण २५० नॉटच्या आत, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. एअरबस ए३२० सारख्या जेट विमानाचा हिशेब असा मांडता येतो:

वर चढताना अंदाजे २० मिनिटांत २०० किलोमीटर. खाली उतरताना, रांगेत थांबणं धरून, २८ मिनिटांत २३० किलोमीटर. १,०५० मधून हे ४३० वजा केले की उरले ६२० किलोमीटर. ते ताशी ८३० च्या वेगाने ४५ मिनिटांत संपतात. एकूण ९३ मिनिटं. चाकं धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ हा एवढा.

तिकिटावरचा वेळ याहून मोठा असतो. विमान ओझरला जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ; त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. ओझरला धावपट्टीपर्यंत जायला दहा मिनिटं आणि दिल्लीत उतरल्यावर बारा मिनिटं धरली तर ११५ मिनिटं, म्हणजे पाच कमी दोन तास. दिल्लीचं विमानतळ अवाढव्य आहे. लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर जमिनीवरच वीस मिनिटं फिरणं होतं. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात ती याचसाठी. विमान ‘वेळेआधी’ पोचल्याची घोषणा होते तेव्हा ती सैल जागा वापरली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रोजच्या वापराला सोपं सूत्र: जेटसाठी अंतर भागिले ८०० (उत्तर तासांत येतं, ६० ने गुणून त्याची मिनिटं करा), अधिक ४० मिनिटं. पंख्याच्या एटीआर विमानासाठी तसंच अंतर भागिले ४८०, अधिक ३० मिनिटं. दिल्लीला जेटने ७४ अधिक ४०, म्हणजे १ तास ५४ मिनिटं. हैदराबादला एटीआरने ७२ अधिक ३०, म्हणजे १ तास ४२ मिनिटं. अंतर जवळजवळ निम्मं, पण वेळ फक्त बारा मिनिटांनी कमी. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघायची सवय लावा, तो तिकिटाच्या तपशिलात लिहिलेला असतो. एटीआरमध्ये डोक्यावरचा कप्पाही लहान असतो. जेटमध्ये बसणारी केबिन बॅग तिथे बसेलच असं नाही.

वाऱ्याबद्दल बरंच बोललं जातं, पण या मार्गावर त्याचं फार कौतुक नको. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. नाशिकहून दिल्ली उत्तरेपेक्षा जेमतेम १९ अंश पूर्वेला आहे, म्हणून वाऱ्याचा एक-तृतीयांश जोरच पाठीशी लागतो. ताशी १५० किलोमीटरचा वारा असला तरी पन्नासचा फायदा, तोही वाटेच्या उत्तरेकडच्या भागात. वाचतात दोन-तीन मिनिटं. परतताना तेवढीच जातात. मुंबई–कोलकाता प्रवासात हाच वारा थेट पाठीवर असतो, तिथे त्याचा हिशेब करावा.

तिकिटावरच्या वेळेची खातरजमा

वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं: उन्हाळी मार्चअखेरीस लागतं, हिवाळी ऑक्टोबरअखेरीस. मागच्या वर्षी भावाने सांगितलेली वेळ धरून बसू नका. विमानाचा क्रमांक मिळाला की फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर टाका. मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता सुटलं आणि पोचलं ते फुकट दिसतं. सरासरी काढत बसू नका. त्यातला सर्वांत वाईट दिवस घ्या आणि दिल्लीतलं पुढचं काम त्या हिशेबाने ठरवा.

प्रवासाच्या दिवशी आणखी एक गोष्ट बघा. तुम्हाला नेणारं विमान आधी कुठून तरी ओझरला येणार असतं. ते तिकडूनच सुटलेलं नसेल तर तुमचं वेळेवर सुटणं शक्य नाही, मग मोबाइलवर ‘ऑन टाइम’ का दिसेना. डिसेंबर–जानेवारीत दिल्लीतल्या धुक्याचा फटका नाशिकला असाच बसतो. इथे लख्ख ऊन असतं आणि विमान तिकडे अडकलेलं असतं. या दोन महिन्यांत पर्याय असेल तर सकाळचं टाळून दुपारचं विमान घ्या. पावसाळ्यात उलट होतं. ओझरवर ढग खाली आले तर येणारं विमान दुसरीकडे वळवावं लागू शकतं.

उशीर झालाच तर नियम माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर असेल तर वेळेवर विमानतळावर आलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. धुकं–पाऊस यांसाठी रोख भरपाई मिळत नाही, त्यावर काउंटरवर भांडून उपयोग नाही.

घरापासून मुक्कामापर्यंत

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. ओझर विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटर. मुंबई–आग्रा महामार्गाने आडगाव मागे टाकून दहाव्या मैलापर्यंत जायचं आणि तिथून जानोरीच्या बाजूला आत वळायचं. दहावा मैल हे नावच अंतराचं आहे. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर, बाकीचे आतल्या रस्त्याचे. सरळ ओझर गावात शिरलात तर वळण चुकलं. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरून ५० मिनिटं धरा, नाशिक रोडवरून तासभर. नाशिकच्या द्वारका चौकातून जाणं भाग असेल तर संध्याकाळी आणखी वीस मिनिटं. २०२७ च्या सिंहस्थात, पर्वणीच्या आसपास, हे आकडे विसरा आणि वाहतुकीच्या सूचना बघूनच निघा.

चेक-इन काउंटर बहुधा सुटण्याआधी ६० मिनिटं बंद होतो, बोर्डिंगचं दार २५ मिनिटं आधी. टर्मिनल छोटं आहे, रांगा लांब नसतात. दीड तास आधी पोचणं पुरेसं. विमानतळ एचएएलच्या आवारालगत आहे, तेव्हा बाहेर रेंगाळत फोटो काढू नका. सामानात पॉवर बँक हातातल्या पिशवीत, वाइनची बाटली मात्र नीट गुंडाळून चेक-इन बॅगेत. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं. दिल्लीच्या पाहुण्यांना चिवडा न्या, त्याला कोणी अडवत नाही.

बेरीज अशी: घर ते ओझर ५० मिनिटं, तिथे ९०, ब्लॉक टाइम ११५, दिल्लीत बाहेर पडून बॅग मिळेपर्यंत ४०, पुढे शहरात ५०. एकूण ३४५ मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास.

मुंबईमार्गे हेच करा. नाशिक ते मुंबई विमानतळ साधारण १७० किलोमीटर, चार तास धरा. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट वाचतो, पण भिवंडी आणि माजिवडा वाचत नाही. त्यात दोन तास आधी पोचणं, सव्वादोन तासांचं उड्डाण (मुंबई–दिल्ली सरळ अंतर ११३८ किलोमीटर आहे) आणि दिल्लीतला दीड तास. बेरीज पावणेदहा. मुंबईचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त दिसलं तरी त्यात टॅक्सी, टोल आणि चार तास मिळवून बघा. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हेही बघा, कारण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर सावरायला वेळ उरत नाही. राजधानीने नाशिक रोडहून हजरत निजामुद्दीन सुमारे पंधरा तास. रात्र गाडीत जाते, म्हणून धुक्याचे दिवस सोडले तर तीही वाईट नाही.

मग मुंबईमार्गे कोणी जावं? दिल्लीतलं काम त्याच दिवशी झालंच पाहिजे आणि आदल्या दिवशी निघता येत नाही अशांनी. ओझरहून मोजकी विमानं सुटतात. एक रद्द झालं तर पुढचं बहुधा दुसऱ्या दिवशी. मुंबईहून दर थोड्या वेळाने दिल्लीचं विमान असतं. मुलाखत, कोर्टाची तारीख किंवा व्हिसाची वेळ असेल तर ओझरहूनच जा, पण आदल्या दिवशी.

दिल्लीहून पुढे परदेशी जाणार असाल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुमची जबाबदारी घेत नाही; अशा वेळी मध्ये किमान पाच तास ठेवा, धुक्यात त्याहून जास्त. टर्मिनलही बघा. टर्मिनल १ आणि ३ एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, चालत जाण्याजोगे नाहीत. आणि परदेशी तिकिटावर पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा करून उड्डाणाचा वेळ काढू नका, दोन्ही वेळा स्थानिक असतात. पहाटे ४ ला सुटून दुबईला ५:४५ ला पोचणारं विमान पावणेदोन तासांत पोचत नाही. दुबई दीड तास मागे आहे, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा.

परतीचं एक लक्षात ठेवा. ओझरला उतरल्यावर दारात टॅक्सींची रांग असेलच असं नाही, ॲपवरची गाडीही उशिरा मिळते. दिल्लीत विमानात बसण्याआधीच गाडी सांगून ठेवा, आणि ड्रायव्हरला उतरण्याच्या वेळेपुढची वीस मिनिटं सांगा.